पुसलेलं तेल

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं गॅरेज जोरात चालू आहे हे वाचून बरं वाटलं. तुझे हात काळे आहेत तोवर तू सुखात आहेस, असं मी धरून चालतो.

एक कळवायचं होतं. गेल्या बुधवारी पोस्टाच्या वळणावर ब्रेक दाबला, तर गाडीने नाक खाली घातलं, डुलली आणि फुटपाथवर चढली. कुणाला लागलं नाही. शेजारी तुझी वहिनी होती. घरी आल्यावर तिने किल्ली मागून घेतली. आता वय झालं म्हणाली, चिरंजीवांनीही तिचीच री ओढली. एकतीस वर्षं बस चालवली मी, एक ओरखडा नाही. पण त्यांचं खरं असावं. वर्षभर गाडी हातात राहत नाहीये. हात गेले, दुसरं काय! कुणी गिऱ्हाईक असेल तर गाडी विकून टाक.

माया आहे तशीच राहू दे.
दादा

ता. ८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे हात गेले की नाही हे तू ठरवू नकोस. रोगी तपासायच्या आधीच त्याला पोचवायला निघालास!

मला हे शॉकअपचं दुखणं वाटतं. पुढच्या चाकांमागे एकेक उभी नळी असते आणि तिच्याभोवती स्प्रिंग. धक्का स्प्रिंग खाते आणि तिचं नाचणं नळीतलं तेल थांबवतं. तेल गळलं की स्प्रिंगला आवरणारं कुणी उरत नाही. चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि गाडी थांबायला जास्त जागा घेते.

असं कर. बॉनेटचा एकेक कोपरा भार देऊन दाब आणि सोड. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. नाचत राहिली तर शॉकअप गेले. मग नळी तेलकट आहे का बघ. मात्र स्वतः काही खोलायला जाऊ नकोस, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडेल. निकाल लागेपर्यंत किल्ली वहिनीकडेच राहू दे.

रागावण्याचा माझा हक्क मान्य असावा.
धाकटी

ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

एका कोपऱ्यावर गाडी चार वेळा नाचली, दुसऱ्यावर पाच. नळ्या मात्र ठणठणीत कोरड्या. गेल्या वर्षी इथल्या मिस्तरीनेही वाकून पाहिलं होतं आणि तेल नाही म्हणजे शॉकअप चांगले, असं सांगितलं होतं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की दोष माझाच.

हे तुझ्या वहिनीला सांगितलं, तर तिने विचारलं की मग दर रविवारी चाकामागे फडका घालून मी पुसतो काय. डेपोतली सवय, गाडी खालूनही चकचकीत हवी. दोन वर्षं गळणारं तेल मीच पुसत होतो. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

हसून झालं की उत्तर लिही.
दादा

ता. १७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खूप हसले, आणि मग रडू आलं, हेही कळवते. वर्षभर हात गेले असं वाटत होतं आणि तू एका ओळीने कळवलं नाहीस.

शनिवारी सामान घेऊन येते. पुढचे दोन्ही बदलायचे, एकच बदलला तर गाडी लंगडते. नंतर चाकांची अलाइनमेंट करून घेऊ. तोवर फडक्याला हात लावू नकोस.

वहिनीला माझ्या वाटणीचा नमस्कार.
धाकटी

ता. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू गेल्यावर तुझ्या वहिनीने किल्ली आपणहून हातात ठेवली. चिरंजीवांनी कान पकडले. पोस्टाचं वळण मी मुद्दाम चार वेळा घेतलं. गाडी रेघेवरून गेली. इतका आनंद मला नोकरीतही झाला नव्हता.

मंगळवारी शाळेपुढे एक सायकलवाली बाई आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. तरी तिच्यात आणि गाडीत हातभरच अंतर होतं. मी गाडी बाजूला घेतली आणि बसून राहिलो. नाक खाली गेलं नव्हतं, चाक सरकलं नव्हतं. ती बाई मला दिसलीच उशिरा. शॉकअप बदलले नसते तर हेही मी त्यांच्यावरच ढकललं असतं.

डोळे तपासून घेतले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या की काचबिंदूने कडेची नजर कमी झाली आहे. आहे ती औषधाने टिकेल, पण गेलेली परत येत नाही. घरी येऊन मी किल्ली ओट्यावर ठेवली. तुझ्या वहिनीने कारण विचारलं, ते सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हात शाबूत आहेत हे कळून थांबलो. तू आली नसतीस तर ते कधीच कळलं नसतं. गाडी विकायची नाही. सोमवारपासून तुझी वहिनी शिकायला जाणार आहे. मी शिकवतो म्हटलं तर नको म्हणाली.

समोरचं अजून स्वच्छ दिसतं. तेव्हा पत्रं लिहीत जा.
दादा