कॅमेऱ्यावरचा निळा दिवा

सोमवार, ३ नोव्हेंबर

कॅमेरा हलला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सकाळचे पावणेआठ. अपूर्व पहाटेच ॲबर्डीनला गेलेला, शुक्रवार संध्याकाळपर्यंत घरात आम्ही दोघीच. अन्वी टेबलाशी बसून टोस्टच्या कडा सोलत होती. पुस्तकांच्या शेल्फवर तो पांढरा वाटोळा कॅमेरा — गणपतीत लावलेला, मग 'राहू दे, चोरांवर लक्ष राहील' म्हणून तसाच ठेवलेला. अन्वी दूध आणायला फ्रिजकडे गेली आणि कॅमेऱ्याची मान तिच्या मागोमाग गेली. हळूहळू, थांबत थांबत. ती परत आली, तशी मानही परत आली. वर निळा दिवा. कुणी बघत असेल तरच तो लागतो. गणपतीत तर दिवसभर लागलेला असायचा.

अपूर्वला मेसेज केला — तू बघतोयस का? उत्तर आलं, "नाही गं, टॅक्सीत आहे. का?"

हाताला लागला तो भांडी पुसायचा टी-टॉवेल कॅमेऱ्यावर टाकला आणि अन्वीला अर्ध्या टोस्टसकट शाळेत नेऊन सोडलं. दुपारी अपूर्व फोनवर म्हणाला, "रीस्टार्ट झाला की हलतो कधीकधी. लगेच घाबरू नकोस." ज्याचं जळतं त्याला कळतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सात वाजता दिवा लागला. कापडाखालूनही निळा दिसतो. सव्वाआठला विझला. म्हणजे सव्वा तास कुणीतरी टी-टॉवेलची आतली बाजू बघत बसलं होतं! असं कोण बसतं? वेडा माणूस. किंवा ज्याला नक्की माहीत आहे की आत एक सहा वर्षांची मुलगी आहे.

दुपारी फार्मसीतल्या कामावरून लवकर निघाले आणि अपूर्वला फोनवर धरून कॅमेऱ्याची हिस्टरी उघडली. रोज एकच नाव — 'दर्शन'. सप्टेंबर, ऑक्टोबर, एक दिवस खाडा नाही. मग अपूर्वला आठवलं.

गोष्ट अशी आहे. बाहेरच्या माणसाला राउटर आपणहून आत घेत नाही. पण काका-मामांना ॲप घालता येत नाही, म्हणून गणपतीत अपूर्वने राउटरवर एक पोर्ट उघडला. बाहेरून त्या नंबरावर कुणी आलं की त्याला थेट कॅमेऱ्यापाशी सोडायचं. लिंक, नाव 'दर्शन', पासवर्ड 'morya123' — हे सगळं त्रेचाळीस जणांच्या ग्रुपवर मी स्वतः टाकलं. बाप्पा गेले. दार उघडंच राहिलं. मागचं दार सताड उघडं, किल्ली पायपुसण्याखाली, आणि तशी दवंडी आम्हीच पिटलेली. त्रेचाळीस जणांनी पुढे कुणाकुणाला पाठवलं असेल, देव जाणे.

"बंद करायचं राहिलं," अपूर्व म्हणाला. भांडायची सोय नाही. लाइव्ह दर्शनाचा हट्ट माझाच होता.

मी प्लग ओढूनच काढणार होते. तो म्हणाला, "काढू नकोस. पोर्ट उघडाच राहील आणि कोण येतंय तेही कळणार नाही. झाकून ठेव. शुक्रवारी येऊन मी बंद करतो." शुक्रवार! तिथे हॉटेलात बसून म्हणायला काय जातंय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सात ते सव्वाआठ. संध्याकाळी बाहेर इथल्या बॉनफायरच्या सणाचे फटाके. प्रत्येक धमाक्याला दचकतेय.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मी किचनमध्ये अन्वीचा डबा भरत होते. ती आत आली आणि अगदी सहज म्हणाली, "मम्मा, कॅमेरा खोकली."

काय?

"खोकली. असं." आणि करून दाखवलं — दोनदा खोकून मग एकदा मोठ्याने घसा साफ करायचा. "इट नीड्स हनी."

त्या कॅमेऱ्यात स्पीकरही आहे, विसरलेच होते. म्हणजे तिकडून बोलताही येतं. उद्या अन्वीला नावाने हाक मारली तर? दार उघड म्हणाला तर? ही बया उघडेल. खोकला झाला म्हणून कॅमेऱ्याला मध पाजायला निघालेली मुलगी आहे ती.

शुक्रवारपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. फार्मसीत फोन करून तासभर उशिरा येते म्हणून कळवलं आणि राउटर उपडा केला. तळाशी धूळ, धुळीखाली स्टिकर, स्टिकरवर पासवर्ड. आत शिरले. घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी दिसली. त्यात एक 'अननोन' होतं, ते काय आहे हे शोधण्यात दहा मिनिटं गेली. वॉशिंग मशीन निघालं. मग ॲक्सेस कंट्रोलचं पान. हिस्टरीतून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आकड्यांची ओळ, उतरवून घेतला, औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचते तसा दोनदा वाचला आणि 'ब्लॉक'मध्ये घातला. तो पत्ता कुठला ते शोधलं, तर मुंबई दाखवतंय. मुंबईत आमचं कुणी नाही. मुंबईत अडीच कोटी माणसं आहेत आणि त्यातल्या एकाला माझी मुलगी काय खाते ते बघायचंय.

पूर्वी असं काही झालं की मी नागपूरला बाबांना फोन लावायचे. वीज मंडळात जन्म गेला त्यांचा. फ्यूज उडाला तरी मी इथून त्यांनाच विचारायचे. आता ती सोय नाही. मार्चमध्ये आई गेली तेव्हा आमचा व्हिसाचा अर्ज इथल्या सरकारकडे होता. देश सोडला असता तर अर्ज रद्द, अपूर्वची नोकरी गेली असती, सगळंच गेलं असतं. मी गेले नाही. तेराव्याला बाबा फोनवर म्हणाले, "आईचं तोंड बघायला आली नाहीस. आता मला तुझं तोंड दाखवू नको." त्याच दिवशी ते ग्रुपवरूनही बाहेर पडले. आठ महिने झाले. मी फोन करते, ते उचलत नाहीत.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आला! सात वाजता, दुसऱ्या पत्त्यावरून. एक दार लावलं तर दुसऱ्याने आला.

आज आणखी एक लक्षात आलं. पंचवीस ऑक्टोबरपर्यंत तो आठ वाजता यायचा. सव्वीसला हिवाळ्यासाठी इथली घड्याळं एक तास मागे गेली, त्या दिवसापासून तो सातला येतो. म्हणजे त्याचं घड्याळ हललं नाही, आपलं हललं. आणि पूर्वी जेमतेम पाव तास थांबायचा, आता सव्वा तास. आम्ही खाली येतो पावणेआठच्या सुमाराला. तोपर्यंत तो रिकाम्या खुर्च्या बघत बसतो. वाट बघतो आमची!

संध्याकाळी अपूर्व आला. बूट काढायच्या आधी त्याला राउटरपाशी बसवलं. पोर्टचा नियम डिलीट. 'आर यू शुअर?' विचारलं. मीच 'येस' दाबलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दार बंद आहे, पण बाहेर कोण आलं ते राउटर लिहून ठेवतो. सातपासून अकरा वेळा. प्रत्येक ओळीपुढे 'ब्लॉक्ड'.

अपूर्व म्हणाला, "बघ, एकदाही आत येता आलं नाही." मला अकराच दिसतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

सव्वीस वेळा.

सोमवार, १० नोव्हेंबर

त्रेसष्ट. सात ते सव्वाआठ, जवळजवळ मिनिटाला एकदा. दारावर मुठी आपटाव्यात तसं. अपूर्व परत ॲबर्डीनला. इथल्या पोलिसांच्या १०१ नंबरला फोन केला. पोलिसांकडची बाई शांतपणे ऐकून घेत होती, रेफरन्स नंबर दिला, तो फ्रिजवर लावलाय. शाळेत सांगून ठेवलं, अन्वीला माझ्याशिवाय कुणाच्याही हाती द्यायचं नाही. शेजारच्या बाईंच्याही नाही, त्या पंच्याऐंशीच्या आहेत तरी.

इतका राग कसला आहे त्याला? मी त्याचं काय घेतलंय?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोन वेळा. सातला एकदा, सात-चाळीसला एकदा. बस.

बुधवार, १२ नोव्हेंबर

शून्य.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आजही शून्य! हरला. कंटाळला आणि गेला दुसऱ्या कुणाच्या घरी. जिवात जीव आला. संध्याकाळी शिरा केला, अन्वीने दोनदा मागून घेतला. टी-टॉवेल धुवायला टाकला. नियम अपूर्वने काढला, पण शेवटचं 'येस' मीच दाबलं. स्वतःची पाठ थोपटून घेतेय, घेऊ दे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी ताईचा फोन. आसावरीताई, नागपूरहून. ती रविवारी करते, म्हणून शनिवारी तिचं नाव दिसल्याबरोबर पहिल्याच रिंगला उचलला.

"मंजू, तुमच्याकडे नेट बंद आहे का गं?"

नाही. का?

"बाबांकडे आली आहे. ते धड जेवून नाही राहिले. काही विचारलं तर सांगत नाहीत. यमुनाबाई म्हणते, टॅब बंद पडला तेव्हापासून."

आणि तेवढ्यात तिच्या मागे कुणीतरी खोकलं. दोनदा. मग मोठ्याने घसा साफ केला. अन्वीने हुबेहूब करून दाखवलं होतं.

ताई बोलत होती ते मधूनमधून ऐकू येत होतं. गणपतीत तिनेच त्यांच्या टॅबवर लिंक उघडून दिली होती — "म्हटलं, तुझ्याशी नाही बोलत तर निदान तुझ्या घरचा बाप्पा बघतील." विसर्जनानंतर ती विसरूनही गेली. बाकीचं तिला आज यमुनाबाईने सांगितलं. यमुनाबाई त्यांचा स्वयंपाक करते, साडेबाराला ताट वाढते. ते टॅब तांब्याला टेकवून उभा करतात आणि जेवायला बसतात. हल्ली जेवण पावणेदोनपर्यंत चालायचं. "पोळी खाऊन थांबतात म्हणे. तुम्ही दोघी खाली आल्याशिवाय भाताला हात नाही लावत. मधल्या आठवड्यात पडद्यावर नुसतं फडकं होतं, तरी बसून होते. आवाज येतो म्हणाले."

साडेबारा. आपले सात. पाच तास तीस मिनिटं — हा हिशेब मी नऊ वर्षं रोज करते. एवढा एकदाच केला नाही.

"मंगळवारी त्यांनी टॅब कपाटात ठेवायला लावला," ताई म्हणाली. "यमुनाबाईला म्हणाले, तिनं ओळखलं आणि बंद केलं. बरोबरच आहे, मीच तसं म्हटलं होतं."

त्रेसष्ट वेळा. त्रेसष्ट वेळा मी त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि वर शिरा केला.

ताईला म्हटलं, त्यांना फोन दे. ती गेली. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ताईच परत आली. "मान हलवून राहिले, मंजू. नको म्हणतात." मी अपूर्वच्या फोनवरून त्यांच्या नंबरवर लावला. तिकडे वाजलेला मला ताईच्या फोनमधून ऐकू आला. कुणी उचलला नाही.

अपूर्व म्हणाला, मुंबई दिसली ती बाबांच्या नेट कंपनीची, आणि तो पत्ता अधूनमधून आपोआप बदलतो. दुपारी अपूर्वने आणि मी तोच नियम पुन्हा घातला, तोच पोर्ट. पासवर्ड नवा. या वेळी त्रेचाळीस जणांना नाही, एका माणसाला. ताईने तो टॅबमध्ये घातला आणि टॅब कपाटातून काढून जेवायच्या टेबलावर ठेवला. "उघडतील की नाही, ते त्यांचं ते," म्हणाली. आणि हळूच म्हणाली, "खूप वाळलेत गं."

रविवार, १६ नोव्हेंबर

साडेसहाला उठून पोहे केले. सातच्या आत अन्वीला खाली आणलं. कॅमेरा पुसला, टेबलाकडे वळवला. दोघी एकाच बाजूला बसलोय, तोंड त्याच्याकडे करून.

सात वाजून वीस मिनिटं. पोहे गार झाले. निळा दिवा अजून लागला नाही.