गादीवर मोसिमा बसेल

मी, हुनादी सेलोमा, वय बहात्तर, धंदा शिवणकाम, राहणार गा-सेकोटे, लिम्पोपो प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे हृदय दगा देऊ लागले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोक्याबद्दल त्यांनी काही तक्रार केलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखा जुना कागद नाही. जुने भाषण मात्र एक आहे, ते कलम ४ मध्ये रद्द करीत आहे.

कलम १. घर. माझे चार खोल्यांचे घर, मागची खोली, पाण्याची टाकी आणि दोन आंब्याची झाडे, ज्यांच्या जागेचा परवाना गावप्रमुखाच्या दप्तरी माझ्या एकटीच्या नावे आहे, हे सर्व माझ्या पश्चात मोसिमा माबोत्शा हिचे. ती १९८८ साली प्राथमिक शाळेत स्वयंपाकीण म्हणून आली आणि मागच्या खोलीत भाड्याने राहिली. चौथ्या महिन्यात ती पुढच्या घरात आली आणि मागच्या खोलीत कोंबड्या गेल्या. गाव तिला अजून "हुनादीची भाडेकरू" म्हणते. छत्तीस वर्षे मी गावाची ही चूक दुरुस्त केली नाही, कारण ती मला सोयीची होती.

कलम २. हत्यारे. पायाचे शिलाई मशीन माझी भाची मोक्गाएजी हिला. तिने त्याला विजेची मोटर बसवू नये. या गावातल्या चार चर्चच्या बायकांचे गणवेश या मशीनवर शिवले गेले आहेत. कोणाची कॉलर किती रुंद आणि कोणाच्या झग्याला किती बटणे, हे मशीनला पाठ आहे. माझी मोठी कात्री शेजारच्या मोरोंग्वाने २०११ साली "जरा देतेस का" म्हणून नेली. ती तिच्याकडेच राहू द्यावी, म्हणजे कापताना तिला माझी आठवण येत राहील.

कलम ३. गादी. हे कलम मला घरापेक्षा महत्त्वाचे आहे, म्हणून सावकाश लिहिते.

आमच्याकडे माणूस गेले की त्याची खोली रिकामी करतात, जमिनीवर गादी घालतात आणि तिच्यावर विधवेला बसवतात. मयत उठेपर्यंत ती तिथून हलत नाही. येणारा प्रत्येक जण आधी गादीपाशी येतो, मग बाकीच्यांना भेटतो. गादीवर कोण बसले यावरून मेलेले माणूस कोणाचे होते ते कळते. नंतर वर्षभर ती बाई काळे कपडे घालते. या गावातल्या निम्म्या विधवांचे काळे कपडे मीच शिवले आहेत.

पाच वर्षांपूर्वी नदीपलीकडची फुती वारली. तिच्याबरोबर वीस वर्षे राहिलेली बाई तीन दिवस अंगणात कोबी चिरत होती आणि गादीवर फुतीची मावशी बसली होती, जिने फुतीला दहा वर्षांत तोंड दाखवले नव्हते. मी गादीपाशी जाऊन मावशीचे सांत्वन केले. परत जाताना कोबीपाशी थांबले नाही. घरी आल्यावर मोसिमाने विचारले, "माझ्या वेळी मला काय चिरायला देणार? कोबी की गाजर?" मला हसू आले नाही, तिलाही आले नव्हते.

म्हणून लिहिते: गादीवर मोसिमा बसेल. तिच्या मापाचे काळे कपडे माझ्या पत्र्याच्या पेटीत सर्वात खाली आहेत. शिवून तीन वर्षे झाली. ती दंडात थोडी भरली असेल, तर बाजूला दोन बोटे कापड सोडलेले आहे.

कलम ४. भाषण. २००६ साली, दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करू द्यावे की नाही याचा कायदा होणार होता, आणि लोकांचे म्हणणे ऐकायला संसदेची माणसे आमच्या सभागृहात आली होती. आमच्या चर्चने दोन बस केल्या. चाळीस बायका निळ्या झग्यात आणि पांढऱ्या कॉलरीत गेल्या. सगळ्या कॉलरी माझ्या हातच्या होत्या.

विरोधात बोलणारे सगळे मूर्ख नव्हते, हे मला नोंदवून ठेवायचे आहे. गावप्रमुख म्हणाले, अशी लग्ने होऊ द्या हा निकाल कोर्टाने आधीच दिला आहे, मग आम्हाला विचारायला कशाला आलात? माझा धाकटा भाऊ न्गोआको हा चर्चचा वडीलधारा. तो बायबलमधले दोन श्लोक वाचून थांबला नाही. तो म्हणाला, "लग्न कागदानं होत नाही. एका गोठ्यातल्या गायी दुसऱ्या गोठ्यात जातात, तेव्हा दोन घरांचे पूर्वज एकमेकांना ओळखतात. या लग्नात कोण कोणाकडे गायी हाकणार, ते सांगा." हे मला तेव्हा पटले होते आणि आजही पटते.

बाजूने बोलणारे थोडे होते. कागिशो नावाच्या तरुण नर्सने सांगितले की त्याचा माणूस त्याच्याच वॉर्डात मेला, आणि अर्जावर "नाते" या शब्दापुढे त्याला रेघ ओढावी लागली. तो म्हणाला, मला तुमचा आशीर्वाद नको, त्या रेघेच्या जागी एक शब्द हवा. मग काठी टेकत कोको म्माकोमा उठली. तिला कोको, म्हणजे आजी, म्हणत नसेल असे गावात कोणी नव्हते. ती म्हणाली, तिच्या आजीने विधवा झाल्यावर आठ गायी देऊन स्वतःसाठी बायको आणली होती, आणि ती रीतसर लग्नाची बायको होती. न्गोआको आदराने म्हणाला, "ते घराचं नाव चालावं म्हणून होतं, कोको. शेजेसाठी नव्हतं."

"शेजेचं तेव्हा कोणी विचारत नव्हतं, बाळा," ती म्हणाली. "तुम्ही मात्र दुसरं काही विचारतच नाही."

सगळे सभागृह हसले. न्गोआकोही हसला. त्यानंतर माझे नाव पुकारले.

कागद न्गोआकोने लिहून दिला होता, पण वाचला मी, आणि चांगला वाचला. त्यात होते की दोन बायकांच्या संसाराला घर म्हणत नाहीत, आणि जिच्यामागे पुरुषाचे नाव नाही ती चूल नव्हे. वाचताना वर पाहिले तर तिसऱ्या रांगेत मोसिमा बसली होती. ती येणार हे मला माहीत नव्हते. मी कागदाकडे पाहिले आणि शेवटपर्यंत वाचले. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी तिने माझ्यापुढे ताट ठेवले, मक्याच्या पिठाचा घट्ट बोगोबे आणि पालेभाजी, आणि म्हणाली, "ती चूल नव्हे म्हणालीस ना? मग हे कशावर शिजलं?"

कायदा त्याच वर्षी झाला. पुढल्या वर्षी मोसिमाने एकदाच विचारले, ऑफिसात जाऊन सही करायची का. मी म्हणाले, एवढे बोलून आता कोणत्या तोंडाने जाऊ? ती म्हणाली, "त्याच तोंडानं जे बोललीस ते परत घे. मग मी येते." सतरा वर्षे झाली. ती दुसऱ्यांदा विचारायला आली नाही, आणि मी रोज तिच्या हातचे जेवले.

म्हणून या कलमान्वये ते भाषण मी परत घेते. कागद भावाचा होता हा बचाव मी करीत नाही. आवाज माझा होता. ते घर होते आणि ती चूल होती.

कलम ५. गायी. न्गोआकोच्या गोठ्यात माझ्या तीन गायी आहेत: तांबडी, तिची कालवड आणि शिंगमोडी. त्या न्गोआकोला द्याव्यात. आमचे पटत नाही, पण चारा त्याने घातला आहे. कायदा सल्ला केंद्रातल्या बाईंनी सांगितले की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही, तेव्हा त्याने सही करू नये. प्रत्येक वस्तूपुढे दुसरे नाव लिहावे असेही त्या म्हणाल्या. लिहिते: काही कारणाने गायी न्गोआकोला पोचल्या नाहीत, तर त्या मोसिमाच्या थोरल्या भावाच्या गोठ्यात जाव्यात. त्या जाण्याला काय म्हणायचे ते मी लिहीत नाही, आमच्याकडच्या लहान पोरालाही ते कळते.

कलम ६. चर्चच्या समितीने २०१५ साली माझ्याकडचे शिवणकाम काढून शहरातल्या दुकानाला दिले. मला क्षमा करायची आहे, पण त्या कॉलरी पाहिल्या की जमत नाही. मला शवपेटीत माझ्या स्वतःच्या हातच्या कॉलरीतच निजवावे.

कलम ७. मृत्युपत्राची अंमलबजावणी मोसिमाने करावी. छत्तीस वर्षे तिला न विचारता या घरात काही झालेले नाही. ते एक भाषण तेवढे झाले, आणि त्याचे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

कलम ८. हे आधी ठरलेले नव्हते. वरचे सर्व लिहून झाल्यावर गेल्या रविवारी मी ते न्गोआकोला वाचायला दिले, कारण पाठीमागे केलेले त्याला आवडत नाही. त्याने चष्मा पुसला आणि दोनदा वाचले. चहा गार झाला.

"सेसी," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला आम्ही असेच म्हणतो, पण बऱ्याच दिवसांत त्याने म्हटले नव्हते. "मला हे पटत नाही. मी मरेपर्यंत पटणार नाही. पण मेल्यावर माफी मागायला काय लागतं? तेव्हा कोणी तोंडावर उलटून बोलत नाही. ज्या सभागृहात उभं राहून बोललीस तिथंच उभी राहून परत घे."

मला राग आला. दोन दिवस मी त्याला मनात शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी कळले की सतरा वर्षांपूर्वी मोसिमा हेच म्हणाली होती.

आज महिन्याचा पहिला शनिवार, त्याच सभागृहात आमच्या मयत मंडळाची बैठक. गादीवर कोणाला बसवायचे हे याच बायका पाहतात. मी कलम ३ आणि ४ उभी राहून वाचले. आवाज मागच्या वेळेपेक्षा बरा होता. दोघीजणी उठून गेल्या. मोरोंग्वा बसून राहिली, कात्रीचे कलम वाचले नव्हते म्हणून असेल. टाळ्या पडल्या नाहीत. अध्यक्षीणबाईंनी वही उघडली, विचारले, "नाव कसं लिहायचं? माबोत्शा?" आणि विधवेच्या रकान्यात लिहिले.

मोसिमा मागे कप विसळत होती. हात पुसत माझ्यापाशी आली. म्हणाली, "सोमवारी ऑफिस आठला उघडतं. ओळखपत्र आठवणीनं घे." मग पुन्हा कप विसळायला गेली.

न्गोआको दारात उभा होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. एक साक्षीदार अध्यक्षीणबाई झाल्या. दुसरा कोण, असे मी विचारले तेव्हा त्याने पुढे येऊन पेन मागितले. मी म्हणाले, तुला समजते आहे ना, सही केलीस तर गायी जातील. तो म्हणाला, वाचता येतं मला.

येणेप्रमाणे वरील सर्व माझे म्हणणे आहे. ते मी जिवंतपणी, माणसांसमोर, मोठ्याने म्हटले आहे. खालील दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली, आणि माझ्या देखत त्यांनी.

सही: हुनादी सेलोमा

स्थळ: सार्वजनिक सभागृह, गा-सेकोटे
दिनांक: २ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार १: नापशादी लेडवाबा, अध्यक्ष, मयत मंडळ

साक्षीदार २: न्गोआको सेलोमा, धाकटा भाऊ. मत बदललेले नाही. गायींना माझ्या बहिणीच्या मरणाची वाट पाहायला लावू नये. सोमवारी ऑफिसातून सही होऊन आली की त्या मी स्वतः मोसिमाच्या भावाकडे हाकत नेईन.