वाकड्या तोंडाचा साचा

मी, अथेन्सच्या मेलिते वस्तीतला, नाटकाचे मुखवटे घडवणारा फिलाग्रॉस, वय एकसष्ट, डोकं ठिकाणावर असताना, कोणीही भरीस न घालता हे लिहून ठेवतो.

घर, अंगण आणि कारखाना: मला मुलगा नाही. म्हणून कायद्याप्रमाणे थोरला भाऊ दिओक्लेस याचा मुलगा नीकेरातॉस याला मी दत्तक घेतो आणि हे सर्व त्याच्या नावे करतो. मात्र भावाचा होकार हवा. तो नाही म्हणाला, तर माझ्या थडग्यावर तेल घालायलाही कोणी उरणार नाही, आणि ते रास्तच होईल.

पत्नी क्रिसिला हिचं स्त्रीधन तिला परत. शिवाय म्हाताऱ्या बापाचा मुखवटा, एक भुवई चढलेली, दुसरी उतरलेली. नट रागात असला की चढलेली बाजू लोकांकडे करतो, निवळला की दुसरी. तिने घरात माझी चढलेलीच बाजू फार पाहिली.

दुसरा मुखवटेकार सिमिलॉस माझ्या मुखवट्यांची नक्कल करतो आणि वर मलाच अक्कल शिकवतो. त्याला मुखवट्याचं कापड चिकटवायच्या सरसाचा फुटका टोप.

आता फडताळात कापडात गुंडाळलेला साचा, वाकड्या तोंडाच्या गुलामाच्या मुखवट्याचा. तो फोडावा. लहानपणी मी उकळत्या सरसाचं भांडं कलंडवलं. दिओक्लेसने मला बाजूला ढकललं आणि सरस त्याच्या गालावर सांडला. तेव्हापासून त्याचं तोंड वाकडं. सोळा वर्षांपूर्वी एका कवीने आपल्या नाटकासाठी हसू येईल असा गुलामाचा मुखवटा मागितला, आणि मी तेच तोंड साच्यात उतरवलं. सगळं नाट्यगृह खदखदून हसलं. शेजारच्याने विचारलं, "कोणाचं रे हे ध्यान?" मी बोट दाखवलं. खालच्या रांगेत दिओक्लेस मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. तो अंगवस्त्राने तोंड झाकून उठला, तो आजवर तसाच हिंडतो.

घरी क्रिसिला म्हणाली, "अहो, सख्ख्या भावाचं तोंड चव्हाट्यावर मांडलंत! लाज नाही वाटली?" नाटकाला बक्षीस मिळालं होतं. मी गळ्यात माळ घालून पोटभर जेवलो. आता वाटते लाज. रोज वाटते. मुखवटा नाटकांचा देव दिओनिसॉस याच्या देवळात वाहिला आहे, आणि देवाला दिलेलं परत मागता येत नाही. साचा तेवढा माझ्या हातात होता, पण तोही फोडवला नाही, कारण माझ्या हातून इतकं चांगलं काम दुसरं झालं नाही. हेही लिहिताना मान वर होत नाही.

अथेन्स, एलाफेबोलिओन महिना, नाटकांचा उत्सव संपल्यावर तिसरा दिवस.
फिलाग्रॉस, स्वतःची मोहोर.

साक्षीदार: फाइनिप्पॉस, चांभार.
साक्षीदार: हाग्नोन, पावा वाजवणारा.
साक्षीदार: दिओक्लेस. क्रिसिला बोलवायला आली म्हणून आलो. वाचलं. मुलगा दिला. साचा फोडू नये, पोराला धंदा शिकायचाय. एवढं बोलायला तुला सोळा वर्षं लागली होय रे, गाढवा?