मांडीवरची टाच

कुंडल, जानेवारी १९७४

संध्याकाळपासून तेच डोळ्यांपुढे आहे. थंडीत अनवाणी उसाला पाणी पाजून सासूबाईंच्या टाचा इतक्या फुटल्या, की आज अंगणात रक्ताचे ठसे उमटले. त्या तशाच चुलीकडे निघाल्या. पण फौजेतून पेन्शनीवर आलेल्या मामंजींनी पाहिलंच. त्यांनी बायकोचे पाय कोमट पाण्यात भिजवले, हलकेच पुसले, आणि टाच मांडीवर घेऊन भेगांत कोकमाचं तेल भरू लागले. तेही ओट्यावर, शेजारीपाजारी बघत असताना!

सासूबाई पाय ओढत होत्या. "आवं, सोडा की! लोकं हसत्यात."

"हसू देत. पलटणीत रोज पोरांचं पाय तपासायचो मी. पाय गेला की शिपाई गेला. तू काय कमी चाललीस व्हय?"

नवऱ्यानं बायकोची टाच मांडीवर घ्यायची? या गावात? आणि मान एवढी ताठ! मला हेवा वाटला का? वाटला थोडा.

शेजारचे अण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. बाकीचे पांगल्यावर तेच जवळ येऊन हळूच म्हणाले, "हवालदार, कुटं मिळतं हे तेल? आमच्या मंडळींच्या टाचाबी लय फुटल्यात."

"कराडच्या बाजारात," मामंजी म्हणाले. "पण लावायचं तू सोता."