टायफॉईड नव्हता, मंगल

प्रिय मंगल,

तू असतीस तर हे तोंडावर बोललो असतो. आता कागदाशिवाय कुणाला सांगू? आज तुझी आई राजूरहून आली. एसट्या बदलत कर्जतला पोचली, पाण्याचा तांब्या बाजूला सारला आणि म्हणाली, "पाव्हणं, माझ्या पोरीला नेमकं काय झालं हुतं? आज खरं सांगा."

तीन महिने मी सगळ्यांना टायफॉईड सांगत आलोय. दहाव्यालाही तेच. आपल्या पल्लवीलाही तेच. आज मात्र ते खोटं बोलायला जीभ उचलेना.

तुला तरी कुठं खरं सांगितलं गं? आतड्याला भोक पडलं म्हणून नगरला ऑपरेशन झालं. ते नीट झालं. आठव्या दिवशी तू अंगणवाडीतल्या पोरांची चौकशी केलीस, तेव्हा मी आनंदानं पल्लवीला फोन लावला. तोंडानं काही द्यायचं नव्हतं, म्हणून मानेतल्या शिरेत नळी घालून त्यातून अन्न सोडत होते. मग ती थंडी आली. पलंग हलायचा एवढी! इंजेक्शनं बदलली, तरी ताप हटेना.

"अहो, नळीच्या जागी लई दुखतंय. सांगा ना डॉक्टरांना."

मी काय म्हणालो? "त्यांना कळतंय. तू गप पड."

का नाही मी उठलो, मंगल? नर्स चार पावलांवर होती! दुसऱ्या दिवशी तू परत म्हणालीस, तेव्हा सांगितलं. तोवर एक दिवस गेला होता.

आणि तू तरी ओरडली का नाहीस? भाकरी करपली तर तुझा आवाज अख्खी गल्ली ऐकायची. तिथंच कशी एवढी गरीब झालीस?

रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. "काका, रक्तात बुरशी सापडलीय."

"बुरशी? लोणच्यावर येती ती?"

"तशीच एक. आपल्या अंगावर, आतड्यात ती असतेच. पण माणूस खचलेला असला, बरीच अँटिबायोटिक्स झालेली असली, शिरेत नळी असली, की रक्तात शिरते."

नळी काढली; का, ते मी तुला सांगितलं नाही. बुरशीचं औषध सुरू केलं. पण लघवी बंद झाली, बीपी उतरत गेलं. चौथ्या दिवशी तू गेलीस.

नंतर मी त्यांना विचारलं, "एक दिवस आधी सांगितलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "तसं सांगता येत नाही, काका." हो म्हणाल्या असत्या तर स्वतःला शिक्षा तरी दिली असती. नाही म्हणाल्या असत्या तर झोप लागली असती. हे मधलंच घेऊन कसा जगू?

आईला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी आतून सडली हुती माझी पोर?"

ह्याच शब्दाला मी भीत होतो! तुझ्याबद्दल कुणी असं बोलू नये म्हणून टायफॉईड म्हणालो. की माझं 'गप पड' झाकायला? खरंच कळत नाही गं.

"न्हाई हो आई, न्हाई! चांगली हुती ती. मीच ऐकलं न्हाई तिचं."

वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "शेवटाला काय मागितलं तिनं?"

"चहा. लई येळा. मला देता आला न्हाई."

तेव्हापासून त्या भिंतीकडं तोंड करून बसल्यात. मी हाक मारली, वळल्या नाहीत.

पाचला पल्लवी क्लासवरून येईल. तू काय सांगत होतीस आणि मी काय उत्तर दिलं, ते तिला आजच सांगणार. माझं तोंड बघायची नाही, तर न बघो. तुझ्या लेकीपासून तुझा शब्द लपवणार नाही, मंगल. वचन देतो.

फाटक वाजलं. आली वाटतं.

तुझा,
दत्तू