ठकीचं जाकीट

सोमवार, ४ मार्च

कुत्र्याने ठकीला धरलं! मागचं दार मीच उघडं टाकलं होतं. शाळेतल्या बाई नवा ड्रेस घालून बघत होत्या — "ताई, श्वास घेता येत नाहीये हो" — आणि मी त्यांच्याशी हुज्जत घालत बसले. जेवून आल्या होत्या, दुसरं काय! ठकीचा आवाज आला तेव्हाही तोंडात टाचण्या धरून मी त्यांच्या पाठीची शिवणच बघत होते. धावत गेले तर कुत्र्याच्या तोंडात पिसं, आणि माझी कोंबडी पाण्याच्या टाकीखाली अंग चोरून बसलेली. पाठ उघडी.

डॉक्टरीणबाईंनी अकरा टाके घातले. उजवा पंख मोडलाय. "कोंबड्या चिवट असतात," म्हणाल्या, "पण तिने खाल्लं पाहिजे. खाल्लं नाही तर आपल्या हातात काही नाही."

घरी आल्यावर ह्यांनी बुटांचं खोकं रिकामं करून त्यात जुना टॉवेल अंथरला. तीन वर्षं "हिला कधी कापायची?" म्हणून मला चिडवणारा माणूस!

मंगळवार, ५ मार्च

पट्टी जागेवर राहत नाही. घसरते, नाहीतर ठकी चोचीने ओढते. शेवटी सकाळीच टेप घेतली आणि रीतसर माप घेतलं — गळा, छाती, पंखाखालून पाठ. उरलेल्या अस्तराचं जाकीट शिवलं, पोटाखाली तीन हुक. असं बसलंय की एक सुरकुती नाही!

"मॅडम ऑफिसला निघाल्या," हे म्हणाले. दोघंही हसलो. कालपासून पहिल्यांदाच.

अठ्ठावीस वर्षं शिवतेय. लोक म्हणतात, जरा सैल ठेवा. सैल म्हणजे गबाळं. माझं माप चुकत नाही.

बुधवार, ६ मार्च

खात नाही. भिजवलेले दाणे, कुस्करलेला पाव, काही नाही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, उकडलेलं अंडं देऊन बघा. "तिला काय वाटेल!" हे म्हणाले. एकदा चोच लावली, तेवढंच. ड्रॉपरने पाणी पाजलं तर ते परत बाहेर.

गुरुवार, ७ मार्च

वाळली बिचारी. जाकीट सैल पडायला लागलंय. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच आत घेतलं. पट्टी हलायला नको.

शनिवार, ९ मार्च

चार दाणे खाल्ले. तीन परत टाकले.

रविवार, १० मार्च

एरवी ही मशीनखाली माझ्या पायाशी असते. खाली पडलेलं बटण माझ्याआधी तिला दिसतं, आणि चोचीत धरून ती ते अख्ख्या घरात मिरवते. आज मुद्दाम एक लाल बटण तिच्या खोक्यात टाकलं. एक डोळा उघडला. मिटला.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. जखम कशी आहे? कोरडी. पट्टी? जाकीट शिवलंय, जागची हलत नाही. "छान केलंत," म्हणाल्या. मग — "जखम भरतेय, तरी खात नाही म्हणजे तिने आतून सोडून दिलंय. उपाशी झिजू देऊ नका. उद्या दहाला आणा. एक इंजेक्शन. तिला कळणारही नाही."

मी हो म्हटलं.

इथे तरी खोटं कशाला लिहू? सुटल्यासारखं वाटलं! दर तासाला खोक्यात डोकावायचं, श्वास चालू आहे ना बघायचं, दाणा घशात ढकलायचा आणि तिचे डोळे टाळायचे — संपलं. दुपारी पोटभर जेवले, सहा दिवसांनी. हात धुताना त्या जेवणाचीच लाज वाटली. दार मी उघडं टाकलं, आणि हायसंही मलाच वाटतंय.

ह्यांना सांगितलं. जन्मभर बस चालवली ह्यांनी, वेळेचे पक्के. म्हणाले, "तू बरोबर करतेयस. तिला मांडीवर घे. मी सावकाश चालवीन. झाला उशीर तर झाला."

सोमवार, ११ मार्च, सकाळ

पहाटे अंधारातच जाकीट काढून धुतलं. इस्त्रीनेच वाळवून लगेच परत घातलं. गबाळी पाठवणार नाही तिला.

सोमवार, ११ मार्च, दुपार

टेबलावर डॉक्टरीणबाई हुक काढायला गेल्या, निघेचना. "कोणी शिवलंय हे?" मी म्हटलं, मी. "फारच अंगाबरोबर बसलंय हो," म्हणाल्या, आणि तिच्या गळ्याखाली बोट टेकवलं. "दाणा आधी इथल्या पिशवीत साठतो. त्या पिशवीला फुगायला जागाच नाहीये. माप कधी घेतलंत?"

उपाशीपोटी. आधी घेतलं तेही, आत घेतलं तेही!

जाकीट निघालं. ठकीने अंग झाडलं, मान वळवून इकडेतिकडे पाहिलं, आणि डॉक्टरीणबाईंच्या कोटाच्या बटणावर चोच मारली. मग दाणे. थोडे थोडे करत अर्धी वाटी — एकही परत आला नाही! इंजेक्शन कपाटात गेलं. हे खुर्चीत बसून चारचौघांत रडले.

माझं माप चुकलं. देवा, माझं माप चुकलं! शाळेतल्या बाईंना निरोप धाडलाय — ड्रेस घेऊन या. आणि जेवून या.