जास्तीचे दोन किलो

प्रिय सैकाल,

माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल. पडू दे, पण फाडण्याआधी वाच. त्या दोन किलोंचा उलगडा झालाय.

कोचकोरमधलं बर्फ वितळलं, तरी आपल्या लोकरी नमद्याच्या सपातांची मागणी काही कमी होत नाही. ऑनलाइन दुकानवाल्यांना आता कझाकस्तानात चारऐवजी पाच गोदामांत माल हवा असतो. अल्माटी, शिमकेंट, अस्ताना, कोस्तानाय होतीच, आता अक्तोबेही आलं. कुठे किती जोड पाठवायचे ते त्यांचा संगणक ठरवतो. शिमकेंटला राखाडी आणि अक्तोबेला नुसत्या लाल! लाल सपाता घालून ही माणसं घरात करतात तरी काय? तू म्हणाली असतीस, "बुरमा, सपाता विक. लोकांच्या पायांत डोकावू नकोस."

पण माझा स्वभाव! वजनातही डोकावलेच. गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला खोकी रचलेलं प्रत्येक पॅलेट कागदावरच्यापेक्षा दोन किलो जास्त भरायचं. पॅलेटाचं लाकूड ओलं असेल म्हणून ते वाळवलं. काटा तपासला. वरून प्लास्टिकची फिल्म किती वेढे गुंडाळतो तेही मोजलं. शेवटी चहाच्या वेळी, सगळ्या बायकांसमोर, तुला विचारलं, "सैकाल, तुझ्या घरच्या सपाता माझ्या पॅलेटांतून जातात का गं?" तू पेला खाली ठेवलास. "फोडून बघ," म्हणालीस आणि निघून गेलीस, ती परत कामावर आलीच नाहीस. ट्रक दारात उभा होता, लेबलं लागली होती. मी फोडलं नाही. पुढच्या खेपेपासून वजन बरोबर भरायला लागलं आणि मला वाटलं, चोरी पकडली.

मार्चमध्ये कोस्तानायहून मालाची पोच आली. शेऱ्याच्या रकान्यात एरवी नुसतं 'ठीक' असतं. या वेळी लिहिलं होतं, 'माल पूर्ण. हल्ली कुरुत का नाही?'

ट्रकवाल्या तोक्तोसून बाइकेंना विचारलं, तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, सैकाल दर पॅलेटात घरच्या कुरुताची, खारवलेल्या सुक्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी ठेवायची. म्हणायची, इतक्या लांब माल जातोय, उतरवून घेणाऱ्यांकडे रिकाम्या हाताने कसा पाठवू? तुला सांगायचं नाही अशी तंबी होती. तू नियमावली काढून बसली असतीस." बसलेच असते गं.

मग मी काय केलं माहितेय? बाजारातून दोन किलो कुरुत आणला आणि कोस्तानायच्या पॅलेटात ठेवला. म्हटलं, बघू या काय लिहितात.

काल पोच आली. 'माल पूर्ण. हा कुरुत बाजारचा आहे. आधीची बाई बरी आहे ना?'

सकाळपासून तो कागद घेऊन बसलेय. ज्याने तुला कधी पाहिलंही नाही, तो तुझी विचारपूस करतो. मी चार घरं पलीकडे राहते, पाच महिने झाले, मी एकदाही केली नाही. वर तुला चोर ठरवलं. चुकले मी, सैकाल. सगळ्यांसमोर बोलले होते, माफीही सगळ्यांसमोरच मागेन. मंगळवारी पाच पॅलेटं निघायची आहेत. खोकी रचून ठेवलीत, पण तू येईपर्यंत त्यांना फिल्म गुंडाळणार नाही. ट्रक थांबला तर थांबू दे.

तुझीच,
बुरमाकान